आठशे सीसीचा संसार

भारतातल्या स्वस्त मोटारींच्या दुरुस्तीचा इतिहास बराचसा एकाच इंजिनाभोवती फिरतो. तीन सिलिंडर, 796 सीसी. 14 डिसेंबर 1983 रोजी मारुती 800 च्या पहिल्या ग्राहकाला इंदिरा गांधींच्या हस्ते किल्ल्या मिळाल्या, तेव्हा गाडीची किंमत पन्नास हजार रुपयांच्या आसपास होती. 800 चे उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबले, पण ते इंजिन थांबले नाही. सन 2000 मध्ये आलेल्या अल्टोत तेच 796 सीसीचे इंजिन होते, ओम्नीतही होते. शेवटची अल्टो 800 तर 2023 पर्यंत तयार होत होती. मधल्या चाळीस वर्षांत कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले, चारऐवजी पाच गिअर झाले, धुराचे नियम कडक झाले. चिपळूणपासून चंद्रपूरपर्यंत मेकॅनिकांच्या दोन पिढ्यांचा हात या इंजिनावर बसला. आजही जुनी लहान गाडी घेणाऱ्याला दिलासा असतो तो याच गोष्टीचा, की गाडी कुठेही बंद पडली तरी तिला ओळखणारा कोणीतरी दहा किलोमीटरच्या आत सापडेल.

या गाड्यांची दुखणी म्हणूनच नीट माहीत झालेली आहेत. त्यात एक सूत्र दिसते. स्वस्त गाडीत बिघडणारा भाग बहुतेक वेळा स्वस्तच असतो, आणि बिल फुगते ते त्या भागाकडे पाहायला उशीर झाल्यामुळे. काहीशे रुपयांची रबरी नळी चिरते, कुलंट गळून जाते, कोणाचे लक्ष जात नाही आणि शेवटी इंजिनाचे हेड उतरवावे लागते. मोठ्या गाडीतही असे होतेच, पण लहान गाडीत ते लवकर होते. त्याचे कारण तिच्या रचनेत आहे. रिकामी अल्टो 800 सातशे किलोच्या आसपास भरते आणि तिच्या इंजिनाची ताकद असते 47-48 अश्वशक्ती. त्यात चार माणसे बसली, डिकीत बॅगा गेल्या आणि एसी लावला, की तेच इंजिन हजारेक किलोचे ओझे घाटात ओढत असते. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो, त्यामुळे त्या ताकदीतला वाटा तोही उचलतो. रेडिएटर लहान, बॅटरी लहान, टायर बारीक. प्रत्येक वस्तू बेताची दिलेली असते, कारण बेताची दिल्याशिवाय किंमत बेतात राहत नाही. राखीव ताकद नसलेल्या यंत्रात छोट्या दुर्लक्षाला मुरायला जागाच नसते.

उन्हाळ्यात खंबाटकी किंवा कशेडी घाटाच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या, की ‘गाडी तापली’ या तक्रारीचे प्रमाण कळते. तापण्यामागे कारणे अनेक असतात. कुलंट कमी असते, रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे अडकलेले असतात, पंख्याची मोटर किंवा तिचा स्विच गेलेला असतो, वॉटर पंप गळत असतो. पण मुळाशी बऱ्याचदा एक जुनी सवय असते, ती म्हणजे रेडिएटरमध्ये नळाचे किंवा बोअरचे साधे पाणी ओतण्याची. अॅल्युमिनियमचे हेड, लोखंडी भाग आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या यांतून क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षे फिरले की आत गंज आणि खर साठते. कुलंट म्हणजे नुसते रंगीत पाणी, हा समज चुकीचा आहे. त्यातल्या ग्लायकॉलमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो आणि गंजरोधक रसायने आतले धातू सांभाळतात. अडचणीच्या वेळी पाणी घालून गाडी घरी आणण्यात काही चूक नाही. चूक होते ती घरी आल्यावर तेच पाणी पुढची दोन वर्षे आत ठेवण्यात.

याच व्यवस्थेत थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिन थंड असताना ती पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर योग्य तापमानाला येते. गाडी तापते म्हणून ही झडपच काढून टाकणारे मेकॅनिक अजूनही भेटतात. ‘आपल्याकडच्या हवेत तिची गरज नाही’ असे ठामपणे सांगितले जाते. त्या दिवसापुरते तापणे थांबल्यासारखे वाटतेही. प्रत्यक्षात इंजिन सतत थंड चालू लागते, गाडीतला संगणक त्याला जास्त पेट्रोल देत राहतो, अॅव्हरेज घसरते आणि तापण्याचे मूळ कारण तसेच आत राहते. असा सल्ला मिळाला तर मालकाने सरळ नाही म्हणावे. नवी झडप फार महाग नसते.

तापलेली गाडी तशीच दामटली, तर अॅल्युमिनियमचे हेड वाकते आणि हेड व ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट उडते. मग कुलंट तेलात शिरते, डिपस्टिकवर किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसतो आणि सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर येऊ लागतो. हेड उतरवणे, लेथवर घासून सपाट करणे, नवे गॅस्केट, नवे तेल आणि मजुरी धरली तर खर्च दहा हजारांच्या खाली क्वचितच राहतो. अनेक नव्या स्वस्त गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. असतो तो फक्त एक दिवा, आणि तो लाल होतो तेव्हा इंजिन आधीच फार गरम झालेले असते. तो लागला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उडून चेहरे आणि हात भाजल्याच्या घटना दर उन्हाळ्यात घडतात.

तेलाची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. या इंजिनांत तीन लिटरच्या आसपास तेल असते. हल्लीच्या गाड्यांना ते दहा हजार किलोमीटरवर किंवा वर्षातून एकदा, यापैकी जे आधी येईल तेव्हा बदलायला सांगतात. ‘गाडी फिरलीच नाही, मग तेल कशाला बदलायचे’ हा युक्तिवाद फसवा आहे. रोज दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबणारी गाडी नीट गरमच होत नाही, न जळलेले पेट्रोल आणि बाष्प तेलात मिसळत राहते. कमी फिरणाऱ्या गाडीचे तेल वर्षाला बदलायलाच हवे. जुन्या इंजिनात व्हॉल्व्ह सील झिजले, की थोडे तेल जळायला लागते, सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर दिसतो. ते काम करून घेईपर्यंत निदान दर रविवारी डिपस्टिक पाहण्याची सवय ठेवली, तर इंजिन कोरडे पडून जाम होण्याचा धोका टळतो.

टायमिंग बेल्टबद्दल मात्र ठासून सांगायला हवे. 796 सीसीच्या अल्टोत हा दातेरी रबरी पट्टा इंजिनाचा वरचा आणि खालचा शाफ्ट एका तालात फिरवतो. तो झिजल्याचे बाहेरून दिसत नाही, आवाज येत नाही, पिकअप कमी होत नाही. एक दिवस तो तुटतो आणि गाडी जागच्या जागी बंद पडते. पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटणारे इंजिन असेल, तर व्हॉल्व्ह वाकतात आणि हेडचे पूर्ण काम निघते. अशा पट्ट्यांचे आयुष्य साधारण साठ हजार ते एक लाख किलोमीटर धरतात आणि नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. पट्टा आणि त्याचा टेन्शनर बदलायला तीन-चार हजार रुपये लागतात. अल्टो के 10 आणि वॅगन आरमधल्या के मालिकेच्या इंजिनांत पट्ट्याऐवजी साखळी असते. ती वेळेवर तेल बदलले तर इंजिनाइतकीच टिकते. म्हणून जुनी लहान गाडी घेताना पहिला प्रश्न रंगाचा किंवा म्युझिक सिस्टिमचा नसावा. गाडीत पट्टा आहे की साखळी, आणि पट्टा असेल तर तो शेवटचा कधी बदलला, हे विचारावे. मालकाकडे बिल नसेल तर पट्टा बदललेला नाही असेच धरून चालावे.

क्लच हा शहरातल्या वाहतुकीचा बळी. लहान इंजिनाची खालच्या वेगातली ओढ कमी असते, म्हणून चालक गाडी उचलताना क्लच जास्त वेळ अर्धवट दाबून ठेवतो. चढावर हँडब्रेक न लावता क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या जोरावर गाडी तोलून धरण्याची सवय तर प्लेट झपाट्याने खाते. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, चढावर करपल्यासारखा वास येतो, पेडल फार वर आल्यावर क्लच पकडतो, ही प्लेट संपत आल्याची चिन्हे. गिअरबॉक्स खाली उतरवावाच लागत असल्यामुळे प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदलणे शहाणपणाचे. साधारण सहा ते नऊ हजारांत काम होते. नीट चालवलेला क्लच लाखभर किलोमीटर जातो आणि वाईट चालवलेला तीस हजारांतही संपतो.

आपोआप गिअर बदलणाऱ्या स्वस्त गाड्यांबद्दल एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. 2014 मध्ये सेलेरिओबरोबर भारतात लोकप्रिय झालेली एएमटी ही मुळात साधाच गिअरबॉक्स असते. तिच्यात क्लच प्लेट असतेच, फक्त ती दाबण्याचे काम एक यंत्रणा करते. चढावरच्या सिग्नलला नुसत्या अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली, तर इथेही प्लेट जळते. शिवाय ती दाबणारी यंत्रणा बिघडली, तर तिचा खर्च साध्या क्लचच्या कितीतरी पट असतो. ब्रेकवर पाय ठेवून थांबावे, एवढाच त्यावर उपाय.

घाट उतरताना प्रश्न ब्रेकचा येतो. या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. सततच्या दाबाने ते तापले की ब्रेक ऑइलमध्ये वाफ धरते आणि पेडल मऊ पडून खाली जाऊ लागते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. कोकणासारख्या दमट हवेत हे लवकर होते आणि पाणी मुरलेले तेल कमी तापमानाला उकळते. ते दर दोन वर्षांनी बदलण्याचा खर्च शेकड्यांतच असतो, तरीही अनेक मालक वर्षानुवर्षे ते बदलत नाहीत. आंबोली किंवा कुंभार्ली उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला गाडी धरू द्यावी, ब्रेकला अधूनमधून विश्रांती द्यावी.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर लहान गाडीत सगळ्यात जास्त मार खातो तो तिचा खालचा सांगाडा. खड्डा आला की आधी टायर, मग रिम, मग लोअर आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट, स्ट्रट माउंटिंग आणि स्टिअरिंगचे टाय रॉड एंड अशी क्रमाने झीज होते. प्रत्येकाचा आवाज निराळा असतो आणि तो ओळखता आला तर गॅरेजमध्ये अंदाजाने भाग बदलले जात नाहीत. हळू चालताना छोट्या खड्ड्यांत कट-कट असा कोरडा आवाज आला तर बुश किंवा बॉल जॉइंट. स्पीडब्रेकरवरून उतरताना धप्प आवाज आणि गाडी दोन-तीनदा हेलकावे खात असेल तर शॉकअप. वेगाबरोबर वाढत जाणारी गुरगुर असेल तर व्हील बेअरिंग. पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी हलवली की टक-टक-टक असा आवाज येत असेल, तर पुढच्या एक्सलचा बाहेरचा जॉइंट झिजला आहे.

या शेवटच्या दुखण्यावर थोडे थांबायला हवे, कारण स्वस्त भागातून महाग बिघाड कसा जन्मतो ते इथे अगदी स्वच्छ दिसते. एक्सलच्या जॉइंटवर रबराचे घडीदार आवरण असते, त्याला बूट म्हणतात. आत ग्रीस भरलेले असते. बूट चिरला की फिरणारे ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडते आणि त्या चिरेतून पाणी व वाळू आत जाते. बूट काहीशे रुपयांचा असतो. चीर पहिल्या आठवड्यात दिसली तर बूट आणि ग्रीस बदलून काम भागते. दोन पावसाळे गेले की जॉइंट खराब होतो आणि मग तो संपूर्ण जॉइंट किंवा एक्सलच बदलावा लागतो. चीर पाहण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. गाडी धुताना चाक पूर्ण वळवून आत टॉर्च मारली की पुरते.

तीन सिलिंडरच्या इंजिनात कंप जास्त असतो, त्यामुळे इंजिन माउंटिंगची रबरे लवकर बसतात. सिग्नलला उभे असताना स्टिअरिंग आणि सीट थरथरू लागले, तर लोकांना इंजिनच गेल्यासारखे वाटते. बऱ्याचदा माउंटिंग बदलल्यावर ती थरथर नाहीशी होते. थरथरीबरोबर इंजिन मिसिंग मारत असेल, तर मात्र प्लग आणि इग्निशन कॉइल पाहावे. तीनपैकी एक सिलिंडर काम करत नसेल तर इंजिनाची तिसरा हिस्सा ताकद गेलेली असते आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो महागडा भागही खराब करते.

पावसाळा वेगळा हिशेब मागतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निचरण्यासाठी छिद्रे असतात. ती चिखलाने बुजली की दार आतून गंजते. गालिच्याखाली ओल राहिली की तळाचा पत्रा सडतो. समुद्राकाठच्या गावांत हे आणखी वेगाने होते. मुसळधार पावसात आठवडाभर उभ्या ठेवलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढलेला असेल तर मागचे ब्रेक ड्रमला चिकटतात. अशा वेळी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला उटी लावणे चांगले.

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यानंतर गॅरेजांमध्ये जे दिसले त्याचा धडा आजही लागू आहे. नुसत्या भिजलेल्या इंजिनापेक्षा भिजल्यावर पुन्हा सेल्फ मारलेल्या इंजिनाचे नुकसान फार मोठे असते. हवा घेण्याच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरले की पिस्टन वर येऊ शकत नाही, कारण पाणी दबत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या सर्वसमावेशक विम्यात असे नुकसान विमा कंपन्या बहुधा नाकारतात, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. दरवर्षी पाणी साचणाऱ्या वस्तीत राहणाऱ्याने ते कलम जरूर घ्यावे. गाडी पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात न लावता ती ढकलून किंवा टो करून न्यावी.

पावसात आणखी एक पाहुणा येतो, उंदीर. कोरडी ऊब शोधत तो बॉनेटखाली शिरतो आणि तारा कुरतडतो. 2020 च्या टाळेबंदीत महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे सर्रास आढळले, आणि त्याच गाड्यांच्या बॅटऱ्याही मेल्या. लहान गाडीची बॅटरी साधारणपणे तीन ते पाच वर्षे चालते आणि नवीला चार ते साडेपाच हजार रुपये लागतात. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे गाडी खरोखर रस्त्यावर फिरवली तर बॅटरी चार्ज राहते आणि उंदरांनाही मुक्काम करता येत नाही.

एसीबाबत एकच गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यातला गॅस बंद नळ्यांतून फिरतो, तो पेट्रोलसारखा खर्च होत नाही. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधल्याशिवाय भरलेला प्रत्येक गॅस वाया जातो. डॅशबोर्डमागची कूलिंग कॉइल गळत असेल तर मजुरी जास्त लागते, कारण डॅशबोर्ड खोलावा लागतो.

इंधनाच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत दोन बदल झाले. पहिला सीएनजीचा. गॅसवर किलोमीटरचा खर्च पेट्रोलपेक्षा बराच कमी येतो, म्हणून रोज लांब जाणाऱ्याला तो परवडतो. पण प्लग लवकर बदलावे लागतात, एअर फिल्टर स्वच्छ ठेवावा लागतो आणि सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. गॅसवर चालवणारे अनेक जण पेट्रोलची टाकी रिकामी ठेवतात, तिथे नुकसान होते. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि आजूबाजूच्या पेट्रोलनेच थंड राहतो. पाव टाकी पेट्रोल ठेवून रोज थोडे अंतर त्यावर चालवले तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही टिकतात.

दुसरा बदल इथेनॉलचा. 2025 मध्ये देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे अॅव्हरेजमध्ये थोडी घट होणे स्वाभाविक आहे. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांचे इंधनाच्या संपर्कातले भाग या मिश्रणाला सोसतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या, विशेषतः दहा-पंधरा वर्षांच्या गाडीच्या मालकाने इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील दरवर्षी तपासून घ्यावेत. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नये.

कधी कधी दोष कारखान्यातूनच येतो. जुलै 2020 मध्ये मारुती सुझुकीने इंधन पंपाच्या संशयित दोषापायी एक लिटरच्या वॅगन आर आणि बलेनो मिळून 1,34,885 गाड्या परत तपासायला बोलावल्या. जानेवारी 2023 मध्ये एअरबॅगच्या नियंत्रकासाठी 17,362 गाड्या बोलावल्या, त्यांत नवी अल्टो के 10 ही होती. असे काम फुकट होते. जुनी गाडी घेणाऱ्याने तिचा चॅसी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, आधीच्या मालकाने ते काम करून न घेतल्याचे बऱ्याचदा आढळते.

आता पैशांचा हिशेब. वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरणारी पेट्रोलची लहान गाडी घेऊ. कागदावर अल्टो 800 चे अॅव्हरेज लिटरला 22.05 किलोमीटर होते, शहर आणि महामार्ग मिळून प्रत्यक्षात 18 धरू. म्हणजे सुमारे 555 लिटर पेट्रोल. लिटरला 104 रुपये दराने ते 58 हजारांच्या जवळ जाते. वर्षाची सर्व्हिसिंग कंपनीच्या केंद्रात चार ते सात हजारांत होते, विश्वासाच्या स्थानिक गॅरेजात त्याहून कमी. बारा इंची चार टायरांचा खर्च दहा-तेरा हजार, तो चार-पाच वर्षांवर पसरवायचा. बॅटरीचेही तसेच. हजार सीसीखालच्या खासगी गाडीचा तृतीय पक्ष विमा जून 2022 पासून वर्षाला 2,094 रुपये आहे, त्यावर कर, आणि स्वतःच्या गाडीचे संरक्षण हवे तर त्याचा हप्ता वेगळा. सगळी देखभाल मिळून वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास येते. पेट्रोलच्या पुढे हा आकडा लहान आहे. टायरची हवा कमी, फिल्टर धुळीने भरलेला आणि ब्रेक किंचित चिकटलेले असल्यामुळे अॅव्हरेज 18 वरून 15 झाले, तर वर्षाला अकरा हजारांचे पेट्रोल जादा जाते. पूर्ण सर्व्हिसिंगपेक्षाही जास्त.

सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून सरसकट 18 टक्के झाला, त्याआधी अनेक भागांवर तो 28 टक्के होता. भाग कुठून घ्यावा यावर मतभेद आहेत. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे अस्सल, समांतर, जुने आणि बनावट असे सगळेच मिळते. दाराची मूठ, आरसा किंवा बंपर जुन्या बाजारातून घेण्यात काही वावगे नाही. ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट, तेलाचा फिल्टर आणि बॉल जॉइंट मात्र अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिलासह घ्यावेत. बदललेला जुना भाग मालकाने मागून घ्यावा. चांगला मेकॅनिक तो आपणहून दाखवतो.

टायर जुना झाला की नाही हे नक्षीवरून पूर्ण कळत नाही. त्याच्या कडेवर चार आकडे असतात, 3219 म्हणजे 2019 च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. कमी फिरणाऱ्या गाडीचे टायर नक्षी शाबूत असतानाच कडक होऊन चिरतात, आणि महामार्गावर तेच फुटतात.

गाडी पंधरा वर्षांची झाली की तिची नोंदणी तपासणीनंतर पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल 2022 पासून या नूतनीकरणाचे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले आहे, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. या वळणावर अनेक कुटुंबे अडखळतात, कारण गाडी चालत तर असते. अशा वेळी खर्चाच्या अंदाजपत्रकाआधी गाडी लिफ्टवर चढवून तिचा तळ पाहावा. इंजिन, क्लच, शॉकअप, एसी यांपैकी काहीही बदलता येते, आणि 796 सीसीच्या गाडीत ते परवडतेही. पण शॉकअप जिथे बसतो तिथला पत्रा किंवा तळाच्या मुख्य पट्ट्या गंजून पोकळ झाल्या असतील, तर वेल्डिंग करून ती गाडी महामार्गावर नेण्यालायक होत नाही. पत्रा शाबूत असेल तर पाच वर्षांची नोंदणी करून घ्यावी. पत्रा सडला असेल तर अधिकृत भंगार केंद्रात गाडी द्यावी, ती भंगारात गेल्याचे प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओतून तिची नोंदणी रद्द करून घ्यावी.